पुलासाठी दहा मतं

एबेनेझर टलॉक प्रांतिक कौन्सिलात गेला तो मिरवायला नव्हे. मिरवणारे तिथे पुष्कळ होते. लोकरीवर दोन दोन तास बोलायचे आणि दमून क्लबात जेवायला जायचे. टलॉकला एकच हवं होतं, वाइतेरे नदीवर पूल. सात वर्षांपूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा मॅग्नस शाळेतून येताना नदी पायी ओलांडायच्या उतारावर वाहून गेला. प्रेत पलीकडच्या काठाला लागलं, म्हणून तिकडच्या चर्चच्या आवारातच पुरलं. त्याची आई ग्रिझेल त्या दिवशी पाण्यात उतरू शकली नाही आणि पुढेही कधी नाही. पाणी घोट्याएवढं असलं, घोड्यावर बसवलं, तरी तिच्या अंगाला कापरं भरायचं. पोराची कबर तिने अजून पाहिली नव्हती.

त्या वर्षीच्या अधिवेशनात पुलाचा ठराव आला. सभापती सोडले तर अठरा मतं. टलॉकने महिनाभर एकेकाच्या दारी खेटे घालून दहा जमवली होती. उरलेले आठ बंदरवाले, त्यांना धक्का बांधून हवा होता. यंदा नक्की, असं त्याने ग्रिझेलला पत्रातून कळवूनही टाकलं.

बंदरवाल्यांच्या बाकावरच लॅक्लन गेडिस बसे. दोघं एकाच जहाजातून या देशात आलेले, अधिवेशनात एकाच खाणावळीत राहणारे, सकाळी एकाच टेबलावर ओटची पेज खाणारे. पुलाबद्दल मात्र दोघांत अवाक्षर निघत नसे. मित्राकडे मत मागायची टलॉकला लाज वाटे.

सोमवारी सकाळी गेडिसला घरून निरोप आला. मुलीला घटसर्प झाला होता. बंदरवाल्यांचा पुढारी त्याला जोडीशिवाय सोडायला तयार नव्हता. कौन्सिलातली रीतच तशी होती. एका बाजूचा सभासद गेला की दुसऱ्या बाजूच्या कोणीतरी, तो परत येईपर्यंत मत देणार नाही, असा शब्द द्यायचा. लेखी काही नसे, पण शब्द मोडणाऱ्याशी पुन्हा कोणी हात मिळवत नसे.

"माझ्याशी जोडी लावशील?" गेडिसने विचारलं. त्याला टोपीही नीट घालता येत नव्हती.

"जा तू. तू येईस्तोवर मी मत देत नाही."

"आणि तुझा पूल?"

"माझी दहा आहेत रे. मी गेलो तरी नऊ उरतात. पोरीकडे जा आधी."

पण त्या नवांतले दोघे वाइतेरेपलीकडचे. रविवारसाठी घरी गेले होते. डोंगरात पाऊस झाला, नदी फुगली, आणि मंगळवारी ठराव पुकारला तेव्हा ते दोघे पलीकडच्या काठावर हात चोळत उभे होते. पूल नव्हता ना.

सात विरुद्ध सात होणार हे सगळ्यांना दिसत होतं. टलॉकच्या बाजूचे त्याच्याभोवती जमले. पोरगी एव्हाना बरी झाली असेल, मत देऊन टाक, मग माफी माग, असं काहीबाही कुजबुजले. टलॉकला मॅग्नस आठवत होता. मतदानासाठी दारं बंद व्हायच्या आत तो उठून बाहेर गेला. सम मतं पडली की आहे ते तसंच ठेवायचं, हा सभापतींचा नेम. पुलाचा ठराव पडला, आणि त्याच दुपारी त्याचा पैसा धक्क्याला मंजूर झाला.

शुक्रवारी गेडिस परतला. मुलगी वाचली होती. निकाल ऐकून तो कौन्सिलाच्या पायऱ्यांवरच बसला.

"एबेन, मी पुलाला मत देणार होतो."

टलॉकला आधी कळलंच नाही. "मग बोलला का नाहीस?"

"पुढाऱ्याला कळलं असतं तर त्याने मला छळलं असतं. म्हटलं, ऐन वेळी उठून तुझ्या बाजूला येईन. आणि तूच म्हणालास, दहा आहेत."

"अरे, एवढं सांगितलं असतंस तर जोडी कशाला लागली असती? तू घरी गेला असतास. मी मत दिलं असतं." टलॉकचा आवाज चढला नाही. त्याला रागही धड येईना. आतून नुसतं रिकामं वाटत होतं. त्याने गेडिसचा हात हातात घेतला आणि तसाच घरी निघाला.

ग्रिझेल अंगणातच होती. त्याने सगळं सांगितलं. गेडिस पायऱ्यांवर काय म्हणाला, तेवढं गिळून टाकलं.

"त्याची पोर वाचली?" तिने विचारलं.

"वाचली."

"बरं झालं. तुम्ही शब्द पाळलात ते बरं झालं." मग ती बराच वेळ एप्रनला हात पुसत राहिली, हात कोरडेच होते. "एक करा. मी गेले की मला इकडेच पुरा. मॅग्नसशेजारी म्हणून त्या पाण्यातून नेऊ नका मला. मेल्यावरसुद्धा नको."

टलॉकने तिलाही शब्द दिला.