बाथरूमची कडी

रोज दुपारी साडेतीनला, गणवेशांना काजं करायचं मशीन थांबवून, मुंगीची आई बाथरूममध्ये जायची. कडी लावायची, उलट्या बादलीवर बसायची आणि साबणाच्या डब्यामागून काढून चॉकलेटच्या दोन वड्या खायची. दिवसातली तेवढीच पाच मिनिटं तिच्या मालकीची. आणि तेवढा वेळही मुंगी बाहेरून दार बडवत असायची.

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आदल्या दिवशी, जेवताना, कोण काय सोडणार ते ठरलं. नवऱ्याने तपकीर सोडली. सासूबाईंनी शेजारणीबद्दल बोलणं सोडलं, जमेल तितकं.

"मी चॉकलेट," ती म्हणाली.

"कुठलं, साबणाच्या डब्यामागचं?" सासूबाईंनी विचारलं.

एवढ्या वर्षांची झाकली मूठ ताटाशेजारी उघडी पडली. नवऱ्याने ताटातून मान न उचलता विचारलं, "मग आता आत जाऊन करणार काय?"

"बसेन."

"मी पण सोडणार," मुंगी म्हणाली. वय वर्षं चार. "दार वाजवायचं."

"चाळीस दिवस? तुला मोजता तरी येतात का गं?" आईने विचारलं.

"आजी मोजेल."

"मोजीन की. रविवार धरत नाहीत हं त्यात," आजी म्हणाली. "रविवारी सगळं माफ."

बुधवारी ती सवयीने आत गेली. चॉकलेट खायचं नव्हतं. दारही वाजलं नाही. मुंगी झाल्यापासून पहिल्यांदाच आख्खी पाच मिनिटं हाती आली आणि त्यांचं करायचं काय, ते तिला कळेना. तिने साबणाच्या डब्यावरच्या सूचना वाचून काढल्या. दाराखालच्या फटीतून दोन इवली पावलं दिसत होती. हलत नव्हती.

"काय गं करतेस?"

"वाजवत नाहीये."

गुरुवारी तिने त्याच सूचना पुन्हा वाचल्या. शुक्रवारी दुसऱ्याच मिनिटाला ती बाहेर आली, तर मुंगी दोन्ही हात काखेत दाबून बसलेली.

"अगं, वाजव हवं तर."

"नको. मग तू पण खाशील."

शनिवारी ती आत गेलीच नाही. मशीनवरच बसली, आणि दोन सदऱ्यांची काजं बटणांच्या बाजूला पाडून ठेवली.

रविवारी साडेतीनला मात्र तिने कडी लावली आणि डब्यामागे हात घातला. पहिली वडी तोंडात जाते न जाते तोच दार असं बडवलं गेलं की कडी नाचायला लागली. चार दिवसांचं एकदमच चाललं होतं.

तिने दार उघडलं. बाहेर नवऱ्याला ओळीने शिंका येत होत्या, आणि सासूबाई शेजारणीच्या बुधवारपासून सुरुवात करत होत्या.

मुंगी आत आली. आईला सरकवून अर्ध्या बादलीवर बसली. तिच्या हातातली दुसरी वडी घेऊन तोंडात टाकली आणि गाल फुगवून म्हणाली,

"कडी लाव ना. कोणीतरी येईल."