शटरचा सूर

सोळा ढोल. एक लोखंडी शटर. ऑगस्ट २०१७. शेजारच्या काचवाल्याची तिसरी तक्रार.

कॅनडातल्या वॉनमधल्या त्या गोदामात गणपतीच्या मिरवणुकीचा सराव चालायचा. मालकाने आज बजावलं होतं, शटर पुन्हा खडखडलं तर चावी परत. मिरवणूक पाच दिवसांवर आली होती.

"हळू वाजवा रे, प्लीज!" पथकप्रमुख ओजस गयावया करत होता. सगळ्यांनी ढोलावर टिपरू जपून टेकवलं. शटर तरीही खडखडलंच.

पथकातल्या नवख्या सुरुचीने मात्र शटरवर बुक्की मारली. घुंऽऽ! तोच सूर गुणगुणत ती ढोलामागून ढोलावर टिचकी मारत सुटली.

"अगं, ढोल आहे तो, कलिंगड नाही!" पथकातले सगळ्यांत वयस्कर दादासाहेब खेकसले.

त्यांच्याच ढोलावर टिचकी पडली आणि शटर घुमलं.

"काका, जोराचा प्रश्नच नाहीये! शटरचा थरथरायचा आपला एक वेग आहे. तुमचा ढोल नेमक्या त्याच वेगाने घुमतो, म्हणून ते एवढ्याशा टिचकीलाही उठतं. दोरी आवळा, सूर बदलेल!"

चौघांनी दात-ओठ खाऊन दोरी आवळली. ढोलाचा सूर चढला.

"आता हाणा, जीव तोडून!"

सोळाच्या सोळा ढोल कडाडले. शटर ढिम्म! ओजसने सुरुचीला खांद्यावर घेतलं. दादासाहेब गोल गोल फिरत "अजून! अजून!" ओरडत होते. काचवाला तणतणत आला, आणि दारातच त्याचेही खांदे उडायला लागले.

जूनमध्ये पथकात घेताना सुरुचीला फक्त ध्वज धरायचं काम दिलं होतं.