गिरान बघितलेली फिल्म

"यांची जुनी एक्सरे फिल्म आहे का?" बेळगावच्या छातीच्या डॉक्टर श्रियांनी विचारलं.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सीटी स्कॅन नुकताच झाला होता. डाव्या फुफ्फुसात वर वाटाण्याएवढा डाग. वय ब्याऐंशी, आणि सगळा जन्म निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेलेला. डॉक्टर म्हणाल्या, "हाच डाग जुन्या फिल्मवर असेल तर चिंता नाही. नाहीतर कॅन्सर आहे का बघायला सुई घालून तुकडा काढावा लागेल."

फिल्म होती की. अण्णांना टीबी झालेला, तेव्हा मिरजेत काढलेली. पण ती मीच कापली.

ऐंशी साली गिरान, म्हणजे सूर्यग्रहण, लागलं तेव्हा मी नऊ वर्षांची. गल्लीतल्या बायकांनी दारं लावून घेतलेली. मी मात्र आईची कात्री घेऊन अण्णांच्या छातीचे अकरा तुकडे केले आणि पोरांत वाटले. डोळ्यांपुढं अण्णांच्या बरगड्या धरून आम्ही ओळीनं उभे. भर दुपारी कोंबड्या खुराड्यात शिरल्या, शेजारची लहानगी अक्काताई रडायला लागली, अण्णा पायरीवर बसून पोट धरून हसत होते. काय दिवस होता तो. अजून आठवला की जीव त्या गल्लीत जाऊन बसतो.

आणि आता माझ्या खुळेपणापायी या म्हाताऱ्या जिवाला सुई? दवाखान्याच्या व्हरांड्यातनंच मी तेव्हा एक तुकडा नेलेल्या गल्लीतल्या परशरामला फोन लावला.

"अगं मंगल, पंचेचाळीस वर्सं झाली. कोण ठेवतंय?" तो हसला. मी फोन कट केला. राग त्याचा नव्हता, माझाच मला आला होता.

आत डॉक्टर संगणकावर त्या डागाचे पातळ पातळ काप एकेक करून बघत होत्या. मशीन नवीन होतं, बारीकसारीक सगळं दाखवत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "सुई नको. डागात सगळा चुना धरलाय. याला खूप वर्षं लागतात. जुन्या टीबीचा वण आहे हा."

मला रडूच आलं. अण्णा मात्र खाली मान घालून बसलेले.

"बाई, माजं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "हिला एकदा घाला त्या मशिनीत."

"मला? मला काय धाड भरलीय?" मी खेकसले.

"दुखनं कळायच्या आदी तू माज्याच कुशीत झोपायचीस गं. तुला लागलं असंल का, ह्ये मी कदी कुनाला इचारलंच न्हाय. भ्या वाटायचं."

एवढी वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन हसत होता, जेवत होता, माझं लग्न लावत होता.

"मशीन नको, उगाच किरण कशाला," असं म्हणत डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप माझ्या पाठीला लावला. मी लांब श्वास घेतला.

"छाती साफ आहे, आजोबा."

"परत एकदा बघा," अण्णा म्हणाले.

त्यांनी परत बघितलं.