उलटी बसवलेली काच

"कडी फिरवायची, काच बाहेरून पुसायची, पण पुढची रिंग खोलून आत हात घालायचा नाही." लेन्स हातात घेतली की वडिलांचं हे वाक्य तिला आपोआप ऐकू यायचं. त्यांच्या स्टुडिओतले पडदे गेले, दिवे गेले. फिल्मच्या जमान्यातली ही जड लेन्स तेवढी लेकीकडे आली.

लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. समोरचं गिऱ्हाईक नवरा सांभाळायचा. मागच्या आठवड्यात तिची आत्या दुकानात आली आणि स्टुलावर टेकून म्हणाली की एक डोळा गेलेलाच होता, आता दुसऱ्याचीही नजर उन्हाळ्यापर्यंतच टिकेल असं डॉक्टर म्हणतात. भाजीचा भाव सांगावा तसं तिनं हे सांगितलं. मग हळूच एक मागणं मागितलं. दादाच्या लेन्सनं माझा एक फोटो काढ, चांगला मोठा. दिसतंय तोवर बघून घेते. भाचीनं शब्द दिला.

शब्द दिला खरा, पण ही लेन्स लावायची कोणत्या कॅमेऱ्याला? नवऱ्यानं कुठून तरी एक वापरलेला डिजिटल कॅमेरा आणला, जुनी लेन्स त्यावर बसवायची एक जोडकडीही आणली. लेन्स खटकन बसली. बटण दाबलं तर पडद्यावर अक्षरं आली: लेन्स जोडलेली नाही.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," नवरा म्हणाला.

तासभर खटपट केल्यावर मेनूच्या पोटात एक ओळ सापडली, लेन्स नसतानाही फोटो काढू द्यावा अशी. तिथं होकार दिला आणि कॅमेरा मुकाट कामाला लागला. नवऱ्याला हे फार आवडलं. हिच्या बाबांनीही मला वर्षभर खिजगणतीत धरलं नव्हतं, कामं मात्र करून घेतली, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला.

फोटो मात्र धुक्यातून काढल्यासारखे येत होते. पडद्यावर नवऱ्याच्या डोळ्याची पापणी दसपट मोठी करून तिनं फोकसची कडी केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवली. चेहऱ्याभोवतीचं दुधाळ तेज काही जाईना. वडिलांच्या स्टुडिओतला प्रत्येक फोटो असाच असायचा. यांच्या हाताला उजेड आहे, असं लोक म्हणायचे. मग तोच उजेड हिच्या हातून कसा उतरला? हिला तर फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं.

आधी तिनं जोडकडीवर संशय घेतला. मोजून पाहिली, ती बरोबर होती. मग सवयीनं, चष्म्याची काच पारखावी तशी तिनं लेन्स ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. पुढच्या काचेत ट्यूबचं प्रतिबिंब उलटं पडलं होतं. बाहेर फुगीर असलेल्या काचेत ते सुलटं पडायला हवं. म्हणजे काचेची फुगीर बाजू आत होती.

दोन दिवस ती लेन्सकडे नुसती बघत राहिली. वडिलांचा शब्द तिनं आजवर मोडला नव्हता. तिसऱ्या दिवशी मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली, रबराचा बूच रिंगवर दाबला आणि फिरवला. रिंगवर आधीच कुणाच्या तरी हत्याराचे ओरखडे होते. आतल्या कडेवर, काच फिरवल्याची खूण असावी तसा, पेन्सिलीनं काढलेला बाण होता आणि वडिलांच्या अक्षरात एक तारीख. आत्याच्या लग्नाच्या सहा महिने आधीची.

काच होती तशी ठेवून ती आत्याकडे गेली. आत्या उशीच्या अभ्र्याची शिवण उसवत बसली होती. हातानं चाचपून धागा शोधत होती. भाचीनं सगळं सांगितलं, तशी ती हसली. मला तेव्हाच कळलं होतं, म्हणाली. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, सगळ्या तोंडावर वण. लग्नासाठी पाठवायच्या फोटोत ते दिसू नयेत म्हणून दादानं काच फिरवली. फोटो पाहून स्थळ आलं, नवरा भला निघाला, त्यानं कधी अवाक्षर काढलं नाही. पण काच पुन्हा सरळ केली तर बहिणीला आपली करणी कळेल, म्हणून दादानं ती जन्मभर तशीच ठेवली. वर लोकांनाही ते तेज आवडलं. आता तू ती सरळ करून टाक, आत्या म्हणाली.

"मग आता कशाला फिरवू?" भाचीनं विचारलं. "बाबांनी मायेनंच केलं ना?"

"मायेनंच केलं गं. पण भिंतीवरच्या त्या फोटोतली बाई मला कधी भेटलीच नाही." आत्यानं अभ्रा मांडीवर ठेवला. "फोनमध्ये बघते मी स्वतःला. ते वेगळं. दादाच्या काचेनं मला एकदा सरळ बघावं, एवढंच."

"बाबांचं तेज जाईल, आत्या. पुन्हा तसा फोटो येणार नाही."

"माझ्यापायी फिरवली ना ती? मग मीच सांगते, फिरव."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिनं काच फडक्यावर घेतली, उलटवली आणि जागेवर बसवली. पेन्सिलीचा बाण पुसावासा वाटला नाही. रिंग आवळून तिनं भिंतीवरच्या नजर तपासायच्या तक्त्याचा फोटो काढला आणि पडद्यावर मोठा केला. वरच्या ठसठशीत अक्षरांपासून शेवटच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत सगळं वाचता येत होतं. धुक्याचा मागमूस नव्हता. तिनं कॅमेरा बंद करून उचलला.

कुठे निघालीस, नवऱ्यानं पुढून विचारलं. आत्याच्या खिडकीत ऊन तीनपर्यंतच असतं, एवढंच ती म्हणाली. त्यानं उठून तिला वाट करून दिली. कॅमेरा पदराखाली धरून ती दुकानाच्या पायऱ्या उतरली.