सयाजीच्या हातातलं कडं

मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली शिफ्ट सुटलेली पोरं कंपनीच्या गणवेशातच आली होती. "आठवणी मेंदूच्या तळघरात कुलूपबंद असतात," स्मरणबाबा माइकवरून सांगत होते, "किल्ली तेवढी आमच्याकडं." धुपाचा असा लोट उठला, की पुढची रांग खोकू लागली आणि मागच्यांना तोही चमत्कारच वाटला.

सोपानरावांना तर शंकाच उरली नव्हती. गेल्या बैठकीत बाबांनी त्यांना डोळे मिटायला लावले होते. "पाणी दिसतं? विहीर? मागून हात आला? हातात कडं होतं ना?" आणि त्यांना लख्ख दिसलं: कडं घातलेला हात, थोरल्या सयाजीचा. म्हणजे लहानपणी विहिरीत पडलो ते पाय घसरून नव्हे, भावानं ढकललं म्हणून.

तेव्हापासून बोलणं बंद. दोघांचे बैल वर्षानुवर्षं एकाच गाड्याला पळत. यात्रेची शर्यत तोंडावर आलेली, आणि सोपानराव आज भरसभेत ही भागीदारी मोडणार होते. सयाजी कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता.

अनुभव सांगायला सोपानरावांना बोलावलं, पण माइक उचलला त्यांच्या सुनेनं. दीपमाला शाळेत विज्ञान शिकवायची.

"मामंजी, आधी माझा एक खेळ. फोनवर रेकॉर्डिंग चालू आहे. सगळ्यांनी नीट ऐका: उशी, गोधडी, जांभई, अंथरूण, डुलकी, घोरणं, पांघरूण, स्वप्न, अंगाई." मग तिनं दारातल्या मोटारसायकली हलवायला सांगितल्या. गलका झाला. तो शमल्यावर तिनं विचारलं, "मी 'ट्रक' म्हणाले?" एकही हात वर झाला नाही. "आणि 'झोप'?"

हातांचं रान उगवलं. बाबांचाही हात वर होता.

"मला पक्कं आठवतंय," सोपानराव म्हणाले.

तिनं रेकॉर्डिंग लावलं. 'झोप' कुठंच नव्हती.

"आठवण अख्खी एका जागी नसते, मामंजी. मेंदूत रूप एकीकडं, आवाज दुसरीकडं, भीती तिसरीकडं. हिप्पोकॅम्पस नावाचा एक बारका भाग त्यांना हाका मारून गोळा करतो. गाड्याला बैल जुंपावेत तसं, दर वेळी नव्यानं. तेवढ्यात कुणी परका बैल घुसवला तरी गाडा पळतोच. आता सांगा, मोठ्या मामंजींचं ते कडं कधीचं?"

सोपानरावांनी कोपऱ्यातल्या भावाच्या मनगटाकडं पाहिलं.

"पहिली शर्यत मारली तवाचं. मीच घातलं त्याच्या हातात. तवा त्याला दोन पोरं व्हती."

"पूर्वजन्मीचं कडं असेल," बाबा घाईनं म्हणाले. मागून कुणीतरी घोरल्याचा आवाज काढला आणि सभेत हशा पिकला.

सोपानराव भावासमोर जाऊन उभे राहिले. "दादा, बैल घेऊन ये."

"आणतो. पण तुला विहिरीतनं वर मीच काढलं, ते तरी आठवतंय का?"

"न्हाई. आन तू म्हणतोस म्हणून लगेच मानणारबी न्हाई," सोपानराव म्हणाले. "आधी दोघा-तिघांना इचारतो. समद्यांनी तेच करा, राव. डोळे मिटून दिसलं ते डोळे उघडून तपासा."