फियाटवाले पगारे

तंबाखूची पुरचुंडी. बॅटरीच्या मागे, वायरींच्या जुडग्याला टेकवून ठेवलेली, हिरव्या सुती कापडाची, वरून पांढऱ्या दोऱ्याने आवळलेली — आणि ती गाठ विशाखाशिवाय दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती, कारण गाठ मारून उरलेला दोरा दातांनी तोडायची सवय तिची, आणि तोडलेलं टोक तिथं अजून पिसारलेलं होतं. प्रफुल्लने बॉनेट आणखी वर उचललं, दांडी लावली. दुसरी पुरचुंडी कार्बोरेटरच्या खाली. तिसरी पार आत, फ्यूजपाशी... तंबाखूच्या वासाला उंदीर येत नाहीत हे त्यानंच तिला कधीतरी सांगितलेलं. सांगून बसलो खरा. गेले दोन पावसाळे तो स्वतः तंबाखू ठेवत नव्हता, आणि ते काही विसरल्यामुळे नव्हे. गल्लीच्या टोकाला नव्या इमारतीचा पाया खणायला घेतल्यापासून उंदीर-घुशी घराघरांत शिरत होत्या, शेजारच्या नाथा वाघांच्या नव्याकोऱ्या गाडीची वायरिंग त्यांनी आठवड्यात कुरतडून टाकली होती, आणि प्रफुल्ल रोज सकाळी फडकं खांद्यावर टाकून, बॉनेट उघडून वरवर बघत होता की आपल्याकडे कधी येतायत. आले नाहीत. का आले नाहीत ते आज कळलं.

आता कुणी म्हणेल, काय माणूस आहे हा! बापाची गाडी, सगळ्या जेल रोडवर जिचं नाव, आणि हा उंदरांची वाट बघतोय? पण कुणी म्हणणार कसं, कुणाला ठाऊकच नव्हतं. पत्ता विचारणाऱ्याला टपरीवरचा माणूस सांगायचा, ‘फियाटवाले पगारे ना, ते काय, ती क्रीम कलरची गाडी दिसते तेच घर.’ गाडी आधी, मग घर, मग घरातला माणूस. दादांनी — झुंबर पगारे, जन्मभर नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी केलेले — एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून ती घेतली तेव्हा आख्ख्या वस्तीत दारात चारचाकी उभी नव्हती कुणाच्या. तेरा ऑक्टोबरला येवल्याला मुक्तिभूमीवर जायचं म्हणजे पांढरे कपडे घालून गाडीत किती माणसं कोंबली जायची त्याला हिशोब नव्हता, आणि प्रफुल्ल पुढच्या सीटवर दोन मोठ्यांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याला गुडघा लागू नये म्हणून अंग चोरून... दादा गेले आणि गाडी त्याच्याकडे आली. आली म्हणजे काय, तो आधीच तिचा झाला होता. सातपूरच्या कारखान्यातून लेथवरचा थकवा घेऊन यायचा आणि कपडे न बदलताच गाडीखाली शिरायचा. खोटं नव्हतं ते. तेव्हा खोटं नव्हतं.

मग मालेगावच्या भंगारवाल्याकडे ती हॉर्नची रिंग सापडली. स्टिअरिंगच्या आत बसणारी, चमकती, मूळ कंपनीची. वर्षानुवर्षं शोधत होता तो. माणसांना नवस फेडायची घाई असते तशी त्याला त्या रिंगेची होती. बसवली. हॉर्न दाबला. गल्ली गोळा झाली, विशाखाने पेढे आणले, कुणीतरी फोटो काढला, आणि त्या फोटोत दात काढून हसणाऱ्या प्रफुल्लच्या पोटात काही म्हणता काही हललं नाही. गाडी पुरी झाली होती. आता शोधायचं काही उरलं नव्हतं, नुसतं पुसायचं उरलं होतं. त्याला वाटलं, होईल उद्या बरं, दमलोय. उद्याही नाही झालं. मग पुसण्याचं नाटक सुरू झालं, आणि नाटक इतकं बेमालूम वठलं की जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाची पंचमंडळी आली, रविवारचे फियाटवाले मित्र आले, एका पोराने मोबाईलवर मुलाखत घेतली — ‘काका, गाडीशी तुमचं नातं काय?’ — आणि मी बोललो की! भडाभडा बोललो, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

“अहो, नळाचं बघताय ना?” स्वयंपाकघरातून विशाखाचा आवाज आला. “सकाळपासून टिपटिप चाललीय.”

“आलो.”

त्याने बॉनेट हळूच खाली सोडलं, तळहाताने दाबलं. पुरचुंड्या होत्या तिथंच राहिल्या.

घरातल्या दुरुस्त्यांची त्याची एक रीत होती. बाजारातून काही आणायचं नाही. कपडे वाळत घालायची तार म्हणजे गाडीची जुनी ॲक्सिलेटर केबल. बाबासाहेबांच्या तसबिरीमागे भिंतीवर ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेले तुकडे दाराच्या रबराचे. नळाचा वॉशर जुन्या ट्यूबमधून कापायचा. आणि घरातलं गाडीत जायचं ते वेगळंच — विशाखाच्या सुती साड्या पुसायला, दंतमंजन बंपर घासायला, आणि लग्नात माहेरून आलेलं जाड बुडाचं पातेलं, ज्यात त्याने पहिल्याच वर्षी कार्बोरेटर उकळला. घरभर रॉकेलचा वास. नवी नवरी, कुणालाही वाटलं असतं आता भांडण होणार, ती म्हणाली, “सांगायचं तरी, झाकण ठेवलं असतं.” पुढे ते पातेलं कायमचं कार्बोरेटरचं झालं. तिच्या गोधड्यांना पेट्रोलचा वास यायचा. माहेरी गेली की तिची आई गोधडी उन्हात टाकायची आणि ही म्हणायची, ‘राहू दे गं, मला त्याशिवाय झोप नाही येत.’

आणि लेकीच्या, तेजलच्या वेळची गोष्ट. ती तर येईल त्याला सांगायची हौस तिला. कळा सुरू झालेल्या, रिक्षा बोलवा म्हणत होते सगळे, पण हा म्हणाला आपली गाडी असताना रिक्षा कशाला, आणि द्वारका चौकात गाडी तापून बंद पडली. वाफच वाफ. विशाखाने मागच्या सीटवरून, ओठ दाताखाली धरून, दवाखान्यासाठी घेतलेली पाण्याची बाटली पुढे केली — ‘घाला तिला, बिचारी दमली.’ तिला म्हणजे गाडीला. हे सांगताना ती खळखळून हसायची, ऐकणारे हसायचे, तोही हसायचा. पण आता तिने गोष्ट सुरू केली की त्याला तिथून उठून जावंसं वाटायचं. कारण मला जर ती गाडी आवडत नसेल, तर मग ते पाणी कुणाला घातलं तिने?

इथंच सगळं अडत होतं. नाहीतर अवघड काय होतं त्यात?

विशाखाला बढती आली होती. रत्नागिरीला. वरची खुर्ची, हाताखाली माणसं, राहायला सरकारी क्वार्टर — तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीतून समुद्र दिसतो म्हणे. ज्या दिवशी कळलं त्या रात्री ती आरशासमोर वेणी सोडवत उभी होती आणि स्वतःशीच, अगदी हळू, आपलं नवं पद उच्चारून बघत होती. त्याने पलंगावरून ऐकलं, डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “खारी हवा आहे हो तिकडची. पत्रा वर्षभर टिकायचा नाही. आणि तिला इथं एकटी टाकून गेलो तर तुमचा जीव रमेल का तिकडं? जाऊ द्या. मी नाही म्हणून कळवते.” साहेबांनी आज संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. आणि प्रफुल्ल, ज्याला कंपनी बंद पडल्यापासून या गावात अडकवून ठेवणारं काहीच नव्हतं, तो रोज पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या रत्नागिरीला जाऊन येत होता. सकाळी उठायचं. खाली काही पुसायला नाही. हात धुवायचे तर नुसते धुवायचे, नखांत काळं नाही. समुद्रावर जायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं... कुणी विचारलं कोण तुम्ही, तर सांगायचं, प्रफुल्ल पगारे. बस.

तो ओट्याशी वाकून नळ उघडायला लागला तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून तेजल. विशाखाने कणकेच्या हाताने स्पीकर लावला.

“पप्पा, आईने कळवलं का साहेबांना?”

“अजून नाही,” विशाखा म्हणाली. “जेवणं झाल्यावर करते.”

“मी काल ऑफिसात सांगितलं ना सगळ्यांना. माझी आई प्रमोशन सोडतेय, पप्पांच्या गाडीसाठी. पोरींचे डोळे भरून आले, खरंच! म्हणे असं कुठं राहिलंय आता.” मग आवाज जरा खाली आला. “पण पप्पा, तुम्ही खूश आहात ना?”

“म्हणजे काय,” तो म्हणाला. पान्हा नळावरून सटकला आणि बोटाचं साल निघालं.

“बघ, लाजले,” विशाखा हसली.

दोघं जेवायला बसली. बोटाला तिने हळद दाबली होती, ती भाकरीला लागत होती. ती सांगत होती, साहेब चांगले आहेत, चिडणार नाहीत, पुढची बढती काय तीन-चार वर्षांनी येईलच, आणि नाही आली तरी आपलं काय अडलंय... तिने तोंडी लावायला ठेचा घेतला, पण भाकरी एकच खाल्ली. ती दोन खाते. त्याने ते पाहिलं. आत्ता. आत्ता नाही बोललो तर मी माणूस नाही.

“विशाखा.”

“हं?”

“गाडी काढून टाकू.”

“कुठं काढता आता, ऊन बघा केवढं —”

“तसं नाही. विकू. देऊन टाकू कुणाला तरी. तू हो म्हण त्यांना.” त्याने ताटाकडे बघत बोलायला सुरुवात केली होती, आता त्याने मान वर केली. “मला आता तिचं काही वाटत नाही. लय दिवस झाले. ती रिंग बसवली तेव्हापासून. मी नुसता पुसतो. खरं सांगतो, मला तिचा कंटाळा आलाय.”

झालं. बोलून झालं! छतावरचा पंखा फिरत होता, नळ टिपटिपत होता, आणि विशाखा घास हातात धरून त्याच्याकडे बघत होती. तिचे डोळे आधी मोठे झाले. मग भरले. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता पदराने नाक पुसलं.

“तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो,” ती म्हणाली. “कधीच नाही आलं.”

“विशाखा, अगं —”

“दादांची गाडी विकणार तुम्ही? माझ्यासाठी? कंटाळा आलाय म्हणे!” तिने डाव्या हाताने त्याच्या मनगटावर थोपटलं. “सकाळी बॉनेट उघडून किती वेळ उभे होता, मी खिडकीतून बघत नव्हते काय? पाऊण तास झाला असेल. कंटाळा आलेला माणूस असा उभा राहतो?”

“मी उंदीर... मी बघत होतो की...”

“ठाऊकय मला. काळजी करू नका, तंबाखू ठेवलीय मी. तुम्हाला हल्ली आठवण राहत नाही.” ती उठली, ताट उचललं. “असं बोललात हेच लय झालं मला. बाईला आणखी काय पाहिजे असतं? माझं मन थोडं कचरत होतं, आता नाही.”

त्याने तोंड उघडलं. काय सांगणार होता? उंदरांचं सांगितलं असतं तर? तेही तिने हसण्यावारी नेलं असतं, आणि समजा नसतं नेलं, समजा तिने खरं मानलं असतं — तर त्या पातेल्याचं, गोधड्यांचं, चौकातल्या त्या बाटलीचं तिने काय करायचं होतं? सगळा संसार उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला असता तिने, की घ्या, हे कशासाठी होतं ते सांगा. हात ताटातच वाळायला लागला.

ती ओट्यापाशी उभी राहून फोन लावत होती. पाठमोरी. वेणी पाठीवर सरळ.

“साहेब, जय भीम, पगारे बोलतेय. ते रत्नागिरीचं... नाही साहेब. नाही जमणार. ...घरची अडचण आहे. ...नाही नाही, मिस्टरांचा काहीच विरोध नाही, उलट तेच म्हणत होते जा म्हणून. आत्ता जेवताना म्हणाले. ...हो. म्हणूनच तर.” मग थोडा वेळ ती नुसतं ऐकत राहिली. “बरं साहेब. ठेवते.”

फोन ठेवून ती क्षणभर तशीच उभी राहिली, हात ओट्यावर, खिडकीतून बाहेर बघत. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, वाघांची भिंत होती. मग वळली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा होता.

“चला,” ती म्हणाली, “ऊन उतरलं की सिन्नर फाट्यापर्यंत एक चक्कर मारून येऊ. किती दिवसांत गेलो नाही. मी साडी बदलते.”

ती आत गेली. कपाटाचं दार वाजलं. प्रफुल्ल जागचा हलला नाही. त्याला आपलाच मघाचा आवाज आठवत होता — गाडी काढून टाकू. असा का निघाला तो आवाज? जरा खालचा, जरा ओला, शेवटच्या शब्दाला किंचित थांबलेला... ओळखीचा होता. त्या मुलाखतीतला. माणसं गहिवरतात तो. रागावून नसतं का सांगता आलं? ताट सरकवून, ओरडून, जळो तुझी ती गाडी म्हणून? तसं बोललो असतो तर कदाचित तिने ऐकलं असतं. पण तसं नाही बोललो. ती नाही म्हणेल, ह्याच सुरात बोललो. मुद्दाम? छे, मुद्दाम कसं... मनापासून बोललो होतो मी. मनापासूनच.

आणि तरीही तिने ‘नाही जमणार’ म्हटलं, तेव्हा छातीत काय झालं होतं? तो ते पुन्हा आठवायला गेला, भीत भीत, दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसा. वाईट वाटायला हवं होतं. तिसरा मजला गेला, समुद्र गेला, तिची खुर्ची गेली. पण तिथं वाईट नव्हतं. तिथं हायसं वाटलं होतं. चक्क हायसं. रत्नागिरीला त्या गॅलरीत रिकाम्या हाताने उभा राहिलेला तो प्रफुल्ल पगारे नावाचा माणूस कोण असता, काय केलं असतं त्याने दिवसभर, कोण विचारणार होतं त्याला... त्या माणसाची त्याला एवढी धास्ती होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि त्या धास्तीपायी ती आत साडी बदलत होती.

“अहो, तयार व्हा ना,” आतून ती म्हणाली. आवाज साधाच होता, रोजचा.

गाडी आवडत नाही हे सांगून झालं होतं, ते तिला खोटं वाटलं. आता सांगायचं राहिलं होतं ते हे — की तू नाही म्हणालीस आणि मी सुटलो. आणि हे मात्र तिला लगेच खरं वाटलं असतं.