मी मोयनोकची लोकर कातरली

मित्रांनो, मी मेंढ्यांची लोकर कातरणारी जुनी कातर आहे. माझ्या पात्यांवर गंज चढला आहे आणि गेली सहा वर्षे मला कोणी धार लावलेली नाही. का, ते सांगते.

डोंगराळ मुलखातल्या नारिन शहराजवळच्या एका लोहाराने मोडीत निघालेल्या ट्रकचे पोलाद ठोकून मला घडवले. बुरुलकान नवी सून म्हणून आली, त्या वर्षी मी तिच्या हाती पडले. तेव्हा मी तिच्या पंजात मावत नव्हते. पुढे मात्र ती माझ्याकडे न बघता, गप्पा मारत, मेंढीला ओरखडाही न पाडता सगळी लोकर चादरीसारखी अखंड उतरवायची. शेजारपाजारचे लोक बघायला येत. तिचा नवरा दोलोत सगळ्यांना सांगायचा, की माझी बायको कातरायला बसली की मेंढ्या झोपी जातात.

दोलोत एका हिवाळ्यात वारला. मागे दोघेच उरली, ती आणि मोयनोक. मोयनोक हा दोलोतचा राखणीचा कुत्रा. म्हातारा झाला होता, गळ्याभोवती पांढरा पट्टा, अंगावर इतकी दाट लोकर की बोट घातले तर कातडी सापडत नसे. बुरुलकान त्याच्याशी दोलोतबद्दल बोलायची. दुसऱ्या कोणाशी ते बोलणे तिला जमत नव्हते.

पुढच्या जूनमध्ये, वर कुरणाकडे निघण्याआधी आमची कातरणी चालू होती. ऊन विलक्षण होते. मोयनोक गाडीखाली जीभ काढून धापा टाकत पडला होता. बुरुलकानला ते बघवेना. तिने त्याला ओढून मांडीशी घेतले आणि मला उचलले.

तिचा दीर मामिरकुल हसत म्हणाला, "वहिनी, लोकर कमी पडली काय? याची टोपी करणार असाल तर मला द्या."

"तुझ्या डोक्याला मेंढीचीच बरी," ती म्हणाली. "मेंढ्यांना हलकं करायचं आणि यानं तेवढं उकडून मरायचं होय?"

मलाही ते पटले. मोयनोकने मान तिच्या गुडघ्यावर टेकवली आणि डोळे मिटले. मी वरचे लांब केस कापले, खालची मऊ लोकर कापली, अगदी कातडीपर्यंत. ती लोकरच त्याचा मांडव होती, हे मला कळले नाही. ऊन त्या केसांवरच अडत होते. तिसऱ्या दिवशी त्याच्या गुलाबी पाठीवर फोड उठले. बुरुलकान ताकात भिजवलेले फडके त्याच्या पाठीवर टाकायची आणि स्वतःला शिव्या द्यायची.

आम्ही वर कुरणात पोहोचलो. तंबू उभा राहिला, मला आत दारासमोर, तंबूच्या भिंतीच्या लाकडी जाळीवर अडकवले. दोन दिवसांनी दुपारी वारा फिरला आणि बर्फ पडू लागले. डोंगरात जूनमध्येही पडते.

आमच्याकडे राखणीचा कुत्रा तंबूत येत नाही. मोयनोक पिल्लू असताना एकदा उंबरा ओलांडून आला, तेव्हा बुरुलकाननेच लाकूड उगारून त्याला हुसकावले होते. त्यानंतर त्याने कधी पाय आत टाकला नाही.

आता संध्याकाळी तिने दाराचा नमदा, तो लोकरीचा जाड पडदा, वर धरला. "ये रे, आत ये," ती म्हणाली.

तो उंबऱ्यापर्यंत आला. थरथरत उभा राहिला. तिने चुलीपाशी मांस ठेवले. त्याने मान लांबवली, पाय मात्र उचलला नाही. तिने त्याला गळ्याला धरून ओढले, तर त्याने अंग जमिनीला चिकटवले आणि आपली चूक झाल्यासारखे तिच्याकडे पाहिले.

"मीच नको म्हणायची तुला. आता मीच ये म्हणते ना."

तो आला नाही. शेवटी तिने दोलोतचा कातडी कोट आणून त्याच्या पाठीवर बांधला. तेवढ्यात वाड्यात मेंढ्या ओरडल्या आणि तो तिच्या हातातून सुटून तिकडे धावला. ती मागे गेली, मामिरकुलही गेला. बर्फात हातभर पुढचे दिसत नव्हते. वाटेत कोट तेवढा सापडला.

उजाडल्यावर मोयनोक सापडला. वाड्याच्या भिंतीला जिथे भगदाड होते, तिथे आडवा, गारठून मेलेला. मेंढ्या सगळ्या धड होत्या. मामिरकुलने त्याला उचलून आणले.

बुरुलकान एवढेच म्हणाली, "मी त्याला बरं वाटावं म्हणून केलं."

मग तिने मला फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवले. फेकून दिले असते तर मला सोसले असते. आता ती शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या कातरीने मेंढ्या कातरते. मामिरकुलने तिला एक पिल्लू आणून दिले आहे. ते पहिल्या दिवसापासून तंबूत झोपते. लोक नावे ठेवतात, ती ऐकून घेते.

मित्रांनो, उन्हाळ्यात कुत्र्याला सावली द्या, पाणी द्या, भर दुपारी पळवू नका. पण त्याची लोकर कातडीपर्यंत कापू नका. आणि थंडीत त्याने आत यावे असे वाटत असेल, तर थंडी पडण्याआधीच त्याला आत घ्या. जन्मभर हाकललेल्या जिवाला 'ये' हा शब्द खरा वाटायला वेळ लागतो. मोयनोककडे एकच संध्याकाळ होती.